संदर्भ संकेत : भ्रमणध्वनीच्या लहरींचा मानदंड

बाजारातील वजनकाट्याची तपासणी करताना निरीक्षक त्यावर एक किलोग्रॅमचे प्रमाणित वजन ठेवतात. काट्याने ८०० ग्रॅम दाखविले, की त्यातील दोष उघड होतो. हा दोष सर्वत्र सारख्याच प्रमाणात असेल, तर त्या काट्याने ४०० ग्रॅम दाखविलेल्या मालाचे खरे वजन ५०० ग्रॅम असले पाहिजे, हेही गणिताने सांगता येते. ज्ञात वस्तूवरून दोष ओळखावयाचा व त्यावरून अज्ञात वस्तूचे खरे मान ठरवावयाचे, हेच तत्त्व आजच्या भ्रमणध्वनी सेवेच्या मुळाशी आहे.

लहरींची वाटचाल

मनोऱ्यावरून निघालेली रेडिओ लहर ग्राहकाच्या संचापर्यंत एकाच सरळ वाटेने येत नाही. इमारती व डोंगर यांवरून ती परावर्तित होते. ही परावर्तने कमीअधिक विलंबाने येऊन परस्परांत मिसळतात. कोठे ती एकमेकांना बळ देतात, तर कोठे निष्प्रभ करतात. त्यामुळे लहरीची तीव्रता बदलते आणि तिच्या चढउतारांची वेळही सरकते. २१०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १४ सेंटिमीटर असते. साहजिकच, ग्राहक काही सेंटिमीटर सरकला तरी हे चित्र पालटू शकते.

यावर उपाय म्हणून मनोरा माहितीच्या मध्ये काही ठराविक संकेत पाठवितो. त्यांचे मूळ रूप संचाला आधीच ठाऊक असते. आलेल्या रूपाची मूळ रूपाशी तुलना करून संच मार्गातील बदल मोजतो व त्यानुसार उर्वरित माहिती दुरुस्त करून घेतो. या ज्ञात संकेतांना ‘संदर्भ संकेत’ आणि मार्गाच्या या मोजमापाला ‘वाहिनी-अनुमान’ असे म्हणता येईल.

किती संकेत पुरेसे ?

भारतात १९९५ साली सुरू झालेल्या भ्रमणध्वनी सेवेच्या जीएसएम पद्धतीत १४८ बिटांच्या प्रत्येक नेहमीच्या तुकडीच्या मध्यभागी २६ ज्ञात बिटे असत. चौथ्या पिढीच्या ‘एलटीई’ पद्धतीत ही रचना जाळीसारखी झाली. १८० किलोहर्ट्झचा पट्टा १२ उपवाहकांत आणि एक मिलिसेकंदाचा काळ १४ भागांत विभागला, की १६८ चौकटी तयार होतात. मनोऱ्यावर एक अँटेना असल्यास त्यांपैकी ८ चौकटी संदर्भ संकेतांना दिल्या जातात. चार अँटेना असल्यास २४, म्हणजे एकसप्तमांश. मधल्या चौकटींतील स्थिती आजूबाजूच्या ज्ञात चौकटींवरून अनुमानाने काढली जाते.

येथे एक पेच उद्भवतो. संकेत विरळ ठेवले, तर धावत्या आगगाडीतील प्रवाशाच्या बाबतीत अनुमान चुकते; दाट पेरले, तर प्रत्यक्ष माहितीसाठी जागा उरत नाही. शिवाय ‘एलटीई’चा मनोरा मध्यरात्री एकही ग्राहक बोलत नसतानाही हे संकेत पाठवीतच राहतो. त्यात वीज खर्च होते आणि शेजारच्या मनोऱ्यांच्या सेवेत व्यत्यय येतो. २०१८ साली निश्चित झालेल्या पाचव्या पिढीच्या मानकांनी ही अखंड पद्धत सोडून दिली. आता माहिती उलगडण्यासाठी लागणारे संकेत संबंधित ग्राहकाच्या माहितीबरोबरच जातात आणि तो वेगाने प्रवास करीत असेल, तर त्यांची संख्या वाढविता येते. भारतात या पिढीची सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली.

ग्रामस्थांच्या दृष्टीने

पडद्यावर दिसणाऱ्या ‘रेंज’च्या उभ्या रेषा चौथ्या पिढीच्या सेवेत मुख्यतः या संदर्भ संकेतांचीच तीव्रता दर्शवितात. त्या वेळी किती ग्राहक एकाच मनोऱ्याचा वापर करीत आहेत, हे त्या सांगत नाहीत. म्हणूनच रेषा पूर्ण असूनही माहिती संथ गतीने येण्याचा अनुभव येतो. गावातील सेवेबद्दल ग्रामपंचायतीने निवेदन द्यावयाचे झाल्यास केवळ ‘रेंज’ नमूद करून भागणार नाही. ठिकाण, वेळ व प्रत्यक्ष मिळालेली गती यांचीही नोंद करणे इष्ट होय. रेंज नसणे व मनोऱ्यावर भार अधिक असणे या दोन भिन्न अडचणी आहेत, आणि त्यांचे उपायही भिन्न आहेत.

संदर्भ संकेत स्वतः कोणताही निरोप नेत नाहीत. तथापि त्यांच्यासाठी राखलेली थोडी जागा वाया जात नाही. तिच्याच आधारे उरलेला प्रत्येक निरोप वाचता येतो.