तंबू कुठे लावायचा? हवाई बेटावरून भूगोलाचा एक पाठ



आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी सध्या अमेरिकेत नोकरी करते. दिवाळीत इंदूरला आली तेव्हा आठवणीने शाळेतही येऊन गेली. नवरा आणि दोन मुलांसह ती हवाई बेटावर आठ दिवस राहून आली होती, हॉटेलात नव्हे, तर तंबूत आणि एका छोट्या गाडीत. फोटो दाखवता दाखवता म्हणाली, "सर, तुम्ही नववीत पर्जन्यछाया शिकवली होती ना, ती तिथे कामी आली. पहिली रात्र मात्र पाण्यात गेली, कारण तोपर्यंत ती आठवली नव्हती."

प्रश्नपत्रिकेत पाच गुणांसाठी लिहिलेली गोष्ट एखाद्याला खरोखर कोरडे ठेवू शकते, हे ऐकून कोणत्या शिक्षकाला बरे वाटणार नाही? त्यातच यंदाच्या पालक सभेत आपल्या जानेवारीच्या शिबिराची जागा कशी ठरवता, असा प्रश्न आला होता. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मला वाटले, म्हणून हा पाठ.

प्रथम नकाशा उघडा. प्रशांत महासागराच्या मध्यभागी हवाई बेटांची रांग आहे. १९५९ पासून हे अमेरिकेचे पन्नासावे राज्य आहे. रांगेतील सर्वांत दक्षिणेकडचे, सर्वांत मोठे बेट म्हणजे खुद्द 'हवाई'. गोंधळ नको म्हणून लोक त्याला 'बिग आयलंड' म्हणतात. क्षेत्रफळ सुमारे १०,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे बाकीची सगळी हवाई बेटे एकत्र केली तरी हे मोठेच. अक्षांश पाहा, साधारण मुंबईचाच. तेव्हा हवा मुंबईसारखी दमट आणि उष्ण असेल असा अंदाज कोणीही करील, आणि इथेच फसेल.

हे बेट पाच ज्वालामुखींनी मिळून बनले आहे: कोहाला, मौना केआ, हुआलालाई, मौना लोआ आणि किलाउएआ. त्यांपैकी मौना केआ ४,२०७ मीटर आणि मौना लोआ ४,१६९ मीटर उंच. त्यांचा आकार आपल्या पुस्तकातल्या चित्रातल्यासारखा टोकदार शंकूचा नाही, तर पालथ्या ढालीसारखा पसरट आहे, कारण पातळ बेसाल्ट लाव्हा दूरवर वाहत जातो. आपणही बेसाल्टवरच उभे आहोत, हे लक्षात आहे ना? माळव्याचे पठार आणि सह्याद्री दख्खनच्या लाव्ह्याचेच थर आहेत. फरक वयाचा. आपला दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणून त्याची काळी माती झाली आणि तिच्यात सोयाबीन उगवते. तिथे काही ठिकाणचा दगड तुमच्यापेक्षाही लहान आहे.

आता पाऊस. या बेटावर वर्षातील बहुतेक काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. (माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे 'वृष्टि-छाया' आधी आठवते आणि 'पर्जन्यछाया' नंतर. अर्थ तोच.) समुद्रावरून आलेले हे ओले वारे दोन प्रचंड पर्वतांवर आदळतात आणि पूर्व बाजूला पाणी सोडतात. पूर्व किनाऱ्यावरील हिलो गावात वर्षाला सुमारे ३,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या इंदूरला साधारण हजाराच्या आतबाहेर. हिलोहून गाडीने दोन तासांच्या आत पश्चिमेला कावाइहाए गाठावे, तर तिथे वर्षाला २५० मिलिमीटरही पाऊस नाही. म्हणजे जवळजवळ राजस्थान. महाबळेश्वर ओलांडून वाईकडे उतरताना जो बदल जाणवतो, तोच इथे आणखी ठळक आहे. आमच्या विद्यार्थिनीने पहिली रात्र विमानतळाजवळ पडते म्हणून पूर्व बाजूला काढली. दुसऱ्या दिवशी मुलांचे कपडे वाळत घालायला ती पश्चिमेला गेली.

त्या कोरड्या किनाऱ्यावर कावाइहाएजवळ स्पेन्सर बीच पार्क आहे. समोर प्रवाळाची आड असल्याने पाणी बहुधा शांत, म्हणून लहान मुलांची कुटुंबे तंबूसाठी ही जागा पसंत करतात. पण कोरडे म्हणजे निर्धास्त नव्हे. या किनाऱ्यावर 'किआवे' नावाचे झाड फार. ही आपल्याकडच्या विलायती बाभळीची बहीणच. तिचा काटा चप्पल भेदून पायात जातो, तिथे तंबूच्या तळाची काय कथा! तंबू पसरण्यापूर्वी जमीन हाताने चाचपून पाहावी आणि खाली जाड ताडपत्री घालावी.

पुस्तकातला दुसरा नियम उंचीचा. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. किलाउएआच्या शिखराजवळ, ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात, नामाकानीपाइओ नावाचा तंबूतळ सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. नीलगिरी आणि ओहिआच्या झाडांत वसलेला. नकाशावर हे उष्ण कटिबंधातले बेट, पण रात्री येथे स्वेटर, टोपी आणि जाड पांघरूण लागते, वर बारीक पाऊस. समुद्रस्नानाचे कपडे घेऊन आलेले प्रवासी इथे कुडकुडतात. त्याच उद्यानात थोडे खाली, सुमारे ८२० मीटरवर, कुलानाओकुआइकी नावाचा लहान तळ आहे. तिथे पिण्याचे पाणी नाही, सर्व पाणी बरोबर न्यावे लागते.

पाण्याचा मुद्दा जरा समजून घ्या, कारण तो मुलांना चकवतो. इतका पाऊस पडूनही बेटाच्या तरुण भागात नदी नाही. नवा लाव्हा चाळणीसारखा असतो, पडलेले पाणी सरळ आत जिरते. ओढ्याकाठी तंबू लावू, ही आपली सवय तिथे चालत नाही. पुना आणि काउ भागातली कितीतरी घरे छपरावरचे पाणी टाकीत साठवून वापरतात. जुन्या, उत्तरेकडच्या भागात ओढे आहेत, पण त्यांच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा ताप येऊ शकतो. तेही न उकळता पिऊ नये.

तंबूच्या खुंट्यांचीही गंमत आहे. थिजलेल्या लाव्ह्यात खुंटी जात नाही. म्हणून आपल्या सांगाड्यावर स्वतः उभा राहणारा तंबू न्यावा लागतो. गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेल्या लाव्ह्याला हवाईचे लोक 'पाहोएहोए' म्हणतात आणि खडबडीत, काचेसारख्या धारदार लाव्ह्याला 'आ-आ'. हे दोन्ही शब्द जगभरच्या भूशास्त्राने उचलले. दख्खनच्या दगडाचा अभ्यास करणारे आपले शास्त्रज्ञही हेच शब्द वापरतात. आ-आ वर अनवाणी चालणाऱ्याच्या तोंडून काय निघत असेल ते शब्दातच आहे, असे मी वर्गात सांगतो. हा केवळ विनोद, पेपरात लिहू नये.

गाडीविषयी थोडक्यात. ज्या मोठ्या गाडीत पलंग, स्वयंपाकघर, न्हाणीघर सगळे असते तिला अमेरिकेत आर.व्ही. म्हणतात. मुख्य भूमीवर अशा गाड्यांसाठी वीज आणि पाण्याच्या जोडणीचे मोठमोठे तळ असतात. या बेटावर तसे तळ जवळजवळ नाहीतच. भाड्याने मिळतात त्या छोट्या व्हॅन, आत दोन-चार माणसे झोपतील एवढ्या. आणि वाटेल तिथे रस्त्याच्या कडेला लावून झोपावे, तर राज्याच्या कायद्याने सार्वजनिक रस्त्यावर संध्याकाळी ६ ते सकाळी ६ गाडीत मुक्काम करायला मनाई आहे. तळावर जागा हवी तर परवाना आधी काढावा लागतो. किनाऱ्यावरची बरीच उद्याने काउंटीची, काही राज्याची, ज्वालामुखीचे उद्यान केंद्राचे. तीन मालक, तीन नियम. गाडीत झोपण्याची मुभा प्रत्येक ठिकाणी वेगळी, म्हणून परवाना घेतानाच स्पष्ट विचारावे.

आता ज्या भागासाठी मी हा पाठ लिहायला घेतला तिकडे वळतो.

ज्वालामुखीच्या बेटावर जमीन स्थिर नसते. ३ मे २०१८ रोजी पुना भागात वस्तीच्या मधोमध जमीन फाटली आणि लाव्हा वर आला. उद्रेक थांबेपर्यंत सातशेहून अधिक घरे गेली, कापोहोचा संपूर्ण उपसागर बुजला. आयझॅक हेल नावाचे किनाऱ्यावरचे उद्यान लाव्हा अगदी जवळ येऊन थांबल्याने वाचले, पण होड्या उतरवण्याचा धक्का नव्या काळ्या वाळूने अडला. राष्ट्रीय उद्यान त्या वर्षी मे ते सप्टेंबर बंद होते. ज्यांनी सहा महिने आधी जागा राखून ठेवली असेल, त्यांच्या परवान्याला ज्वालामुखीने विचारले नाही. अमेरिकेच्या भूगर्भ विभागाने या बेटाचे १ ते ९ असे धोक्याचे पट्टे पाडले आहेत, १ म्हणजे सर्वांत अधिक धोका. हा नकाशा कोणालाही पाहता येतो. वायूचाही विचार करावा लागतो. उद्रेक चालू असता सल्फर डायऑक्साइडचे धुके व्यापारी वाऱ्यांबरोबर नैर्ऋत्येला, काउ आणि कोनाकडे जाते. दम्याचे मूल बरोबर असेल तर त्या दिवशी वाऱ्याच्या खालच्या बाजूला मुक्काम करू नये. २३ डिसेंबर २०२४ ला किलाउएआच्या शिखरावर सुरू झालेल्या उद्रेकात लाव्ह्याचे उंच फवारे कित्येक वेळा उडाले आणि काचेचे बारीक तंतू वाऱ्याने दूर पसरले. डोळ्यांत गेले तर त्रास, पाण्याच्या टाकीत पडले तरी त्रास.

आणि समुद्र. पूर्व किनाऱ्यावर लाउपाहोएहोए नावाचे लाव्ह्याचे चपटे भूशिर समुद्रात शिरले आहे. आज तिथे हिरवळ आहे, तंबू लावता येतो, लाटा पाहत बसावे असे ठिकाण. १ एप्रिल १९४६ रोजी याच भूशिरावर एक शाळा होती. दूर उत्तरेला अल्यूशियन बेटांजवळ भूकंप झाला होता, इथे कोणाला धक्काही जाणवला नव्हता. सकाळी शाळा भरण्याच्या सुमारास पाणी विचित्रपणे मागे सरले, समुद्राचा तळ उघडा पडला आणि मुले ते पाहायला गेली. त्यानंतर आलेल्या लाटेत वीसहून अधिक विद्यार्थी आणि शिक्षक गेले. संपूर्ण हवाईत दीडशेहून अधिक. पुढे शाळा वर टेकाडावर नेली, भूशिरावर स्मारक उभारले. प्रशांत महासागरातील त्सुनामीची सूचना देणारे केंद्र १९४९ मध्ये सुरू झाले ते याच आघातानंतर. समुद्र अचानक ओसरला तर शिंपले वेचायला पुढे न जाता उलट दिशेने उंचावर धावायचे, हे त्या मुलांना कोणी शिकवले नव्हते, कारण शिकवणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हते.

दुसरी घटना शिबिराचीच आहे. २९ नोव्हेंबर १९७५. किलाउएआच्या दक्षिण उताराखाली हालापे नावाचा नारळीच्या झाडांचा सुंदर किनारा, जिथे पायीच जावे लागते. तिथे ३२ जण मुक्कामाला होते, त्यांत बालवीरांचे, म्हणजे स्काउटचे एक पथकही होते. पहाटे साडेतीनच्या सुमारास भूकंपाचा धक्का बसला, मागच्या कड्यावरून दगड कोसळू लागले. दगडांच्या भीतीने मंडळी कड्यापासून दूर, समुद्राच्या बाजूला सरकली. त्या क्षणी यात चूक काय होती? सुमारे तासाभराने ७.७ तीव्रतेचा मुख्य भूकंप झाला. ज्वालामुखीचा तो सगळा उतारच समुद्राकडे घसरला, किनारा तीन मीटरच्या आसपास खचला आणि लाटा आत शिरल्या. दोघे दगावले, अनेक जखमी झाले. नारळीची बाग पाण्यात उभी राहिली.

मी ही हकीकत वाचली तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. मागे कडा, पुढे समुद्र, अशा जागी एकदा तंबू लावला की रात्री निवडायला चांगला पर्याय उरतच नाही. निवड आदल्या दिवशी दुपारीच झालेली असते.

विश्वस्त मंडळी आणि पालकांसमोर एक कबुली देतो. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी, शिक्षक म्हणून नवा असताना, मी विंध्याच्या उतारावर मुलांचे शिबिर नेले होते. एका कोरड्या नाल्याची मऊ, सपाट वाळू पाहून मला फार आनंद झाला आणि मीच तिथे तंबू लावायला सांगितले. आमच्यावर आकाश निरभ्र होते. वरच्या बाजूला कुठेतरी पाऊस झाला आणि रात्री अकराला नाल्यात पाणी आले. एक मुलगा लघवीला उठला होता, त्याने ओरडून सर्वांना जागे केले, म्हणून सगळी मुले काठावर आली. भांडी, सतरंज्या आणि माझे जोडे वाहून गेले. घरी आल्यावर मी पालकांना फक्त "थोडा पाऊस झाला" एवढेच सांगितले होते. त्या वाळूत जुन्या पुराचा कचरा झुडपांना कमरेएवढ्या उंचीवर अडकलेला स्पष्ट दिसत होता. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला तो दिसायला हवा होता.

तेव्हा यंदा जागा ठरवताना दोन शिक्षक आधी दिवसा जाऊन पाहणी करतील, ओढ्याच्या पुराची खूण, मागचा उतार, पाणी, जवळचा दवाखाना आणि रात्री गाडी निघेल असा रस्ता लिहून आणतील, आणि तो कागद पालक सभेत वाचला जाईल. आगाऊ रक्कम त्यानंतरच भरावी, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. याला खर्च थोडा वाढेल.

कक्षा नववी व दहावीसाठी गृहकार्य: हवाई बेटाचा नकाशा काढून पाच ज्वालामुखी आणि व्यापारी वाऱ्यांची दिशा दाखवा. मग हिलो, कावाइहाए, नामाकानीपाइओ, लाउपाहोएहोए या चार ठिकाणी तुमच्या कुटुंबाने एकेक रात्र काढायची आहे असे समजून प्रत्येक ठिकाणी काय बरोबर न्याल, कोणती चौकशी आधी कराल आणि रात्री जमीन हलली तर कोणत्या दिशेने जाल, हे स्वतःच्या शब्दांत लिहा. शेवटच्या प्रश्नाला सर्वांत जास्त गुण आहेत. कागद पुढील सोमवारी वर्गशिक्षकांकडे द्यावा. लहान कक्षांतील मुलांनी आपल्या घराजवळच्या नाल्यावर पुराची जुनी खूण कुठे दिसते ते आजी-आजोबांना विचारून यावे, पण नाल्यात उतरू नये.