फ्रेमवरचं स्टिकर काढण्याआधी

मी घेतलेल्या जुन्या मोटारसायकलच्या फ्रेमवर कंपनीचं एकही स्टिकर नव्हतं. विकणाऱ्याने तेच कौतुकाने दाखवलं होतं. टायरच्या हवेचं, चेनचं, इंधनाचं, सूचनांचं असं सगळं काढून त्याने फ्रेम काळीभोर, एकसंध करून घेतली होती. दिसायला गाडी खरंच देखणी होती. त्या देखणेपणाची किंमत मात्र पुढे मला मोजावी लागली. तेव्हा जे कळलं, ते गाडीची हौस असणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

अडचण सुरू झाली ती गाडी नावावर करताना. फॉर्म २९ आणि ३० भरले. त्यांच्यासोबत चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. हँडलखाली फ्रेमचा जो जाड पाइप असतो, त्यावर बहुतेक मोटारसायकलींचा नंबर ठोकलेला असतो. त्यावर पेन्सिल घासायची, पारदर्शक चिकटपट्टीने ठसा उचलायचा आणि फॉर्मवर चिकटवायचा. एरवी पाच मिनिटांचं काम. आमच्या ठशात सुरुवातीची अक्षरं पुसट आली आणि शेवटी नुसता काळा डाग. एजंटने कागद हातात घेतला आणि परत दिला. म्हणाला, ‘‘साहेब यावर सही करणार नाहीत. गाडीच घेऊन या.’’

कारण मिस्त्रीने शोधून काढलं. नंबराच्या शेजारी कंपनीचं एक लेबल होतं. ते ओरबाडल्यावर डिंक राहिला, तो निघेना म्हणून कोणीतरी पॉलिश पेपर मारला. रंग गेला, म्हणून वरून स्प्रेचे जाड हात दिले. तो रंग नंबराच्या खाचांत जाऊन बसला होता. तपासणाऱ्या माणसाला हे कसं दिसतं पाहा: नंबराभोवती घासल्याच्या खुणा, वर नवा रंग, अक्षरं अस्पष्ट. चोरीच्या गाडीचा नंबर बदलला की नेमकं असंच दिसतं. त्यामुळे प्रामाणिक मालकालाही आधी संशयाच्या रांगेत उभं राहावं लागतं. सुदैवाने नंबर धातूत खोल होता. तज्ज्ञ हाताने, मोटार वाहन निरीक्षकांना आधी सांगून, मऊ ब्रशने रंग काढला, तेव्हा सतराच्या सतरा अक्षरं-आकडे आरसी बुकाशी जुळले. गाडी नावावर झाली, पण खेटे घातल्यावर.

दुसरा त्रास रोजचा होता. टायरमध्ये हवा किती भरायची, हे चेनकव्हरवर किंवा मागच्या स्विंगआर्मवर लिहिलेलं असतं: पुढे किती, मागे एकट्याला किती, डबलसीटला किती. गाडीगणिक हे आकडे बदलतात. मागच्या चाकात एकट्यासाठी आणि दोघांसाठी सांगितलेल्या हवेत सहसा तीन-चार पीएसआयचा फरक असतो. स्टिकर नसलं की पंपावरचा पोरगा विचारतो, ‘‘किती भरू?’’ आपण म्हणतो, ‘‘नेहमीची.’’ आणि त्याची नेहमीची हवा ट्रकवाल्यापासून स्कूटरवाल्यापर्यंत कोणाचीही असू शकते. चेनचा ढिलेपणाही तिथेच मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. तो आकडा नसला की मिस्त्री बोटाच्या अंदाजाने चेन ताणतो. जास्त ताणली तर चेन, स्प्रॉकेट आणि बेअरिंग तिन्ही लवकर झिजतात.

तिसरा त्रास कोकणच्या हवेने दाखवला. जिथे पॉलिश पेपर रंगाखालच्या प्रायमरपर्यंत गेला होता, तिथे पहिल्याच पावसाळ्यात रंगाला फुगे आले आणि त्यांच्याखाली गंज. फ्रेमचा मूळ रंग कारखान्यात प्रायमरच्या थरावर भट्टीत भाजून बसवलेला असतो. डब्यातल्या स्प्रेला तो टिकाऊपणा येत नाही, आणि समुद्रकाठच्या खाऱ्या दमट हवेत तर मुळीच नाही.

म्हणून पहिला सल्ला असा: हात लावण्याआधी स्टिकरांचे तीन ढीग मनात करा.

पहिला ढीग, ज्यांना हातच लावायचा नाही. चेसिस नंबर, इंजिन नंबर, उत्पादनाचा महिना-वर्ष किंवा कंपनीची ओळखपट्टी ज्यावर आहे, ते लेबल असो, पत्रा असो वा रिबिटने ठोकलेली पट्टी, ते जागेवरच राहू द्या. त्याच्या आसपासच्या चार बोटं जागेत थिनर, पॉलिश पेपर, रंग यातलं काहीच नको. सतरा खुणांच्या चेसिस नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, कारण एक आणि शून्य यांच्याशी त्यांची गल्लत होते. इतकी काळजी घेऊन ठरवलेला नंबर आपण रंगाखाली गाडायचा नाही. तो गंजून पुसट झाला असेल, तरी स्वतः पंच मारू नका. तो मार्ग आरटीओतूनच जातो.

दुसरा ढीग, उपयोगाच्या माहितीचा. टायरची हवा, चेनचा ढिलेपणा आणि आता इथेनॉलचं स्टिकर. पेट्रोलमध्ये किती टक्के इथेनॉल चालेल, हे गाडीवर ठळक स्टिकर लावून सांगण्याचा नियम केंद्राने २०२१मध्ये केला. गाडी विकताना घेणारा हे हमखास विचारतो. अशी स्टिकरं नकोशीच वाटत असतील तर आधी त्यांचे स्वच्छ फोटो काढा, आकडे वहीत लिहा आणि छापील चिठ्ठी सीटखाली चिकटवा. मिस्त्री सीट उघडतोच.

तिसरा ढीग बिनधास्त काढण्याचा. शोरूमची जाहिरात, फायनान्सवाल्याचं नाव, पहिल्या सर्व्हिसची आठवण. जुन्या गाड्यांच्या टाकीवर ‘फक्त शिसेविरहित पेट्रोल’ असं लिहिलेलं असतं, तेही याच ढिगात. १ फेब्रुवारी २०००पासून देशात शिसेयुक्त पेट्रोल मिळतच नाही, तेव्हा त्या सूचनेचं काम संपलं आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. टाकीवरची काही चित्रं आणि नावं पारदर्शक लॅकरच्या थराखाली असतात. नख फिरवल्यावर कडा लागत नसेल, तर ते वर चिकटवलेलं स्टिकर नाही, रंगकामाचाच भाग आहे. ते उकरायला गेलात तर टाकीच रंगवावी लागेल.

आता काढण्याची रीत. गाडी सावलीत, थंड असू द्या. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा, नाहीतर धुळीचे कण घासले जाऊन रंगावर बारीक ओरखडे पडतात. स्टिकरचा डिंक उष्णतेने मऊ होतो, त्यासाठी घरातला हेअर ड्रायर पुरतो. हाताला सोसवेल इतकंच तापवायचं. हीट गनची हवा ५०० अंशांच्या पुढे जाऊ शकते. तिने प्लॅस्टिक वाकतं आणि वायरींचं आवरण वितळतं. डिंक मऊ झाला की एक कोपरा जुन्या एटीएम कार्डाने उचला आणि स्टिकर स्वतःवरच दुमडत, पृष्ठभागाच्या अगदी जवळून सावकाश ओढा. काटकोनात झटका दिला की ते फाटतं. ब्लेड, स्क्रू ड्रायव्हर, चाकू यांना सुट्टी द्या.

राहिलेल्या डिंकाला खोबरेल तेल लावा आणि थोडा वेळ मुरू द्या. बराचसा डिंक अंगठ्याने गोळा होऊन येतो. उरलेल्यासाठी रॉकेल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ फडक्यावर घ्या, पण आधी सीटखालच्या न दिसणाऱ्या जागी लावून पाहा. एनसी थिनर, अॅसिटोन आणि नखांचं पॉलिश काढायचं द्रव वापरू नका. रंग मऊ पडतो आणि प्लॅस्टिक पांढुरकं होतं. पेट्रोल तर नकोच. त्याची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि शेजारी ड्रायरची तापलेली तार असते. चाकाजवळ काम असेल तर ब्रेकची डिस्क पिशवीने झाका. डिस्कवर तेलाचा फवारा उडाला तर ब्रेक लागत नाही. शेवटी साबणाच्या पाण्याने तेल पूर्ण धुऊन काढा आणि वॅक्सचा एक हात द्या.

स्टिकर निघाल्यावर खाली गडद चौकोन दिसला तर घाबरू नका. आजूबाजूचा रंग उन्हाने फिका झालेला असतो, झाकलेला तेवढा मूळचा राहतो. कंपाउंड हलकेच मारून फरक कमी होतो, पूर्ण जाईलच असं नाही. लाल-केशरी फ्रेमवर तो जास्त उठून दिसतो, म्हणून अशा गाड्यांवर स्टिकर ठेवलेलंच बरं.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठीही एक सांगणं. सौदा ठरण्याआधी टॉर्च लावून हँडलखालचा नंबर वाचा, आरसीशी एकेक अक्षर जुळवा आणि तिथल्या तिथे पेन्सिल प्रिंट काढून बघा. नंबराजवळ नवा रंग किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या तर विसार देऊ नका. विकणाऱ्याने निरीक्षकांकडून खातरजमा करून आणली, तरच पुढचं बोला.

फ्रेमवरची ही माहिती मालकापेक्षा इतरांसाठी जास्त असते: पंपावरच्या पोरासाठी, मिस्त्रीसाठी, निरीक्षकांसाठी आणि उद्या गाडी घेणाऱ्यासाठी. तेव्हा स्टिकरचा कोपरा उचलण्याआधी एवढंच विचारा, हे कोण वाचतं? ‘कोणीच नाही’ असं खात्रीने म्हणता आलं तर खुशाल काढा. जरा जरी शंका असेल, तर राहू द्या.