घटक ५ : रॅप-गीतांच्या चित्रफितींतील स्त्री – साचा आणि प्रतिकार

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास,
• चित्रफितींतील स्त्रीची साचेबद्ध प्रतिमा ओळखता येईल;
• स्त्री रॅपरांनी ती मोडण्यासाठी वापरलेल्या रीती सोदाहरण सांगता येतील;
• आपल्या परिसरातील स्त्रीगीतांचा त्या दृष्टीने विचार करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शृंगारिक लावणीत बोलणारी ‘मी’ बहुधा स्त्री असते; पण तिचे शब्द राम जोशी, होनाजी बाळा यांच्यासारख्या शाहिरांनी लिहिलेले असतात. जात्यावरच्या ओवीतील ‘मी’ मात्र दळणाऱ्या बाईची स्वतःची असते. ही ‘मी’ कोणाची, हाच प्रश्न आपल्याला रॅपलाही विचारायचा आहे.

रॅप म्हणजे तालावर, यमकांच्या आधाराने केलेले वेगवान कथन. ते हिप हॉप संस्कृतीचे एक अंग होय. या संस्कृतीचा प्रारंभ ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झालेल्या एका मेजवानीपासून मानला जातो. तेथे तबकड्या वाजवणाऱ्या डीजे कूल हर्कचे नाव सर्वतोमुखी झाले. ती मेजवानी भरवणारी त्याची बहीण सिंडी कॅम्पबेल मात्र मागे राहिली.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ साचा : अनेक चित्रफितींत पुरुष बोलतो आणि स्त्रिया त्याच्याभोवती नाचतात. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर न थांबता अवयवांवर रेंगाळतो. गाडी, सोनसाखळी आणि स्त्री या तिन्ही गोष्टी पुरुषाच्या वैभवाच्या खुणा ठरतात.

५.३.२ प्रतिकाराच्या रीती :

(अ) इतिहासावर हक्क सांगणे – क्वीन लतिफाच्या ‘लेडीज फर्स्ट’ (१९८९) या चित्रफितीत हॅरिएट टबमन, अँजेला डेव्हिस यांसारख्या लढाऊ कृष्णवर्णीय स्त्रियांची छायाचित्रे येतात. स्त्री येथे शोभेची वस्तू न राहता परंपरेची वारसदार होते.

(आ) नजरेला नकार देणे – ‘द रेन’ (१९९७) या चित्रफितीत मिसी एलियट हवा भरलेला, फुगलेला काळा पोशाख घालते. देह पडद्यावर आहे, पण रूढ नजरेच्या हाती काहीच लागत नाही. मुंबईच्या गोवंडीतील सानिया एमक्यू हिजाब घालून रॅप करते. हिजाबातील मुलगी मुकी असते आणि पडद्यावरील स्त्रीने देह दाखवायचा असतो, हे दोन्ही समज त्यामुळे एकदमच खोटे ठरतात.

(इ) विषय बदलणे – माही जी ही महादेव कोळी समाजातील रॅपर आदिवासींचे जगणे आणि पर्यावरण यांवर मराठीत बोलते. सोफिया अश्रफने ‘कोडाईकॅनाल वोन्ट’ (२०१५) मध्ये निकी मिनाजच्या ‘अ‍ॅनाकोंडा’ (२०१४) या गीताची चाल घेतली आणि तापमापकांच्या कारखान्यामुळे झालेल्या पाऱ्याच्या प्रदूषणाचा जाब विचारला. कामगारांचा लढा त्याआधी कित्येक वर्षे चालू होता. मार्च २०१६ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली.

५.३.३ मर्यादा : मूळ ‘अ‍ॅनाकोंडा’बद्दल दोन मते आहेत. काहींच्या मते त्यात जुनाच साचा आहे. तर काहींच्या मते स्वतःच्या देहाविषयी स्त्रीने स्वतः बोलणे हाच बदल आहे. निर्णय देण्यापूर्वी शब्द कोणाचे, कॅमेरा कोणाच्या सांगण्यावरून फिरतो आणि पैसा कोणाकडे जातो, हे तपासावे. तसेच पुरुषी पोशाख आणि शिवराळ भाषा स्वीकारली की साचा मोडतोच, असे नाही. कधी पुरुषाचाच साचा स्त्रीच्या अंगावर चढतो.

५.४ सारांश

केवळ वेशभूषा बदलल्याने स्त्रीची प्रतिमा बदलत नाही. आजवर जिच्याविषयी बोलले गेले ती स्वतः बोलू लागते आणि काय बोलायचे हेही तीच ठरवते, तेव्हा प्रतिमा बदलते. ओवी रचणाऱ्या बाईकडे हा अधिकार होता. मात्र तिचा आवाज बहुधा घराच्या उंबरठ्याआतच राहिला. चित्रफितीने तो चव्हाट्यावर आणला. त्याबरोबर बाजाराची नजरही आली.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘नजरेला नकार’ ही संकल्पना दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. लावणी, ओवी आणि रॅप यांतील स्त्रीच्या ‘मी’ची तुलना करा.

५.६ क्षेत्रीय कार्य

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी आहे. तेथील किंवा आपल्या गावाजवळच्या तांड्यातील एखाद्या ज्येष्ठ स्त्रीकडून, तिच्या संमतीने, एक गीत ऐकून लिहून घ्या. नंतर गोरमाटी बोलीतील एखाद्या गाण्याची चित्रफीत पाहा. फेटिया-काचळी नेसलेली स्त्री त्यात स्वतः काही सांगते, की तिचा वेश केवळ सजावटीपुरता वापरला आहे? आपले निरीक्षण दीड पानात लिहा.