भाजी-पावाचा डबा दर्यात पडला तर?



पावसाळा ओसरल्यावरची पहिली रापण ओढली की मासळीबरोबर काय काय येतं, ते तुम्हाला सांगायला नको. प्लास्टिकचे चमचे, कपांची झाकणं, काळे डबे, थर्माकोलचे तुकडे. गावागावांतले व्हाळ हे सगळं मांडवी-जुवारीत आणतात, तिथून ते दर्यात आणि दर्यातून आपल्या जाळ्यात. कचरा वेचेपर्यंत मासळी उन्हात तापते. नुकसान आपलंच.

दोष शहराचा, हॉटेलांचा, पर्यटकांचा. खरं आहे. पण पहाटे होडीवर चढताना भाजी-पावाचं पार्सल आपणही घेतो. खाऊन झाल्यावर डबा कुठे जातो, हे ज्याचं त्याने मनाला विचारावं.

म्हणून आजचा धडा: डबा हातात आला की तो कशाचा आहे ते ओळखायचं.

१) थर्माकोल: हलका, त्यामुळे वाऱ्याने उडतो आणि पाण्यावर तरंगतो. लाटांनी त्याचे साबुदाण्यासारखे दाणे होतात. ते वेचणं कोणालाच शक्य नाही. मासे आणि पाखरं ते खाणं समजून गिळतात.

२) झाकणाचे काळे-पांढरे डबे: तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. एक लिटर खाऱ्या पाण्याचं वजन सुमारे १.०२५ किलो, तेवढ्याच आकाराच्या या प्लास्टिकचं सुमारे ०.९ किलो. म्हणून डबा तरंगतो आणि भरती-ओहोटीबरोबर फिरत राहतो. उन्हाने कडक होऊन तुटतो, पण कुजत नाही.

३) कागदी कप आणि चंदेरी पत्रावळ: नाव कागदाचं, पण आत बहुतेक वेळा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी सोलून बघा. कागद लगदा होतो, पापुद्रा हातात राहतो.

४) ‘कॉम्पोस्टेबल’ लिहिलेले पारदर्शक कप: हे बहुधा पीएलएचे, म्हणजे मका-उसापासून केलेले. इथेच जास्त फसगत होते. ते कुजायला कारखान्यातल्या खतासारखी सुमारे ६० अंशांची उष्णता लागते. दर्यात ती कुठून येणार? हा कप बुडतो आणि तळाशी वर्षानुवर्षं पडून राहतो.

५) उसाच्या चोथ्याचे डबे, पोफळीच्या विरीची ताटं, पानांची पत्रावळ, केळीचं पान: हे मातीत कुजतात. मात्र चोथ्याच्या डब्याला आतून प्लास्टिकचा थर नाही ना, ते बघून घ्या. आणि कुजतं म्हणून पाण्यात टाकायचं असं नव्हे. माडाच्या आळ्यात घाला, खत होईल.

६) स्टीलचा डबा: सगळ्यांत उत्तम. वर्षानुवर्षं टिकतो, त्याचा कचराच होत नाही.

कायदा काय सांगतो? १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, ट्रे यांवर बंदी आहे. झाकणाच्या पार्सल डब्याचं नाव मात्र त्या यादीत नाही. म्हणून तो सर्रास मिळतो. कायद्याने सोडलं तरी आपलं जाळं त्याला सोडत नाही.

मग आपण काय करायचं?

– होडीवर एक रिकामी गोणी बांधून ठेवा. डबा, बाटली, पिशवी, तुटलेल्या जाळ्याचे तुकडे त्यातच टाका. गोणी जेटीवर उतरवूनच घरी जायचं. पंख्यात अडकलेली पिशवी भर दर्यात काढायला काय त्रास पडतो, ते तांडेलांना विचारा.

– गाड्यावर जाताना स्टीलचा डबा न्या.  रोजचं गिऱ्हाईक डबा पुढे करतं म्हटल्यावर गाडेवाला नाही म्हणणार नाही. त्याचाही डब्याचा खर्च वाचतो.

– संस्थेची बैठक, नारळी पौर्णिमेचं जेवण, घरचं लग्न: केळीचं पान किंवा विरीचं ताट. महाग पडतं हे मान्य. परवडत नसेल तर वाड्यावरची स्टीलची ताटं गोळा करा, धुवायला चार हात लावा. आपल्या आई-आज्या तेच करायच्या.

दर्याला आपण नारळ वाहतो. त्याच दर्यात डबा फेकायचा, हे बरं दिसतं का?

हा धडा आपल्या तांडेलांपर्यंत आणि जेटीवरच्या गाडेवाल्यांपर्यंत पोचवा. उद्या पहाटे डबा विसरू नका.