काचबिंदूच्या संशोधनास देणगी

प्रश्न : माझ्या वडिलांची दृष्टी काचबिंदूमुळे बरीच गेली आहे. निवृत्तीच्या रकमेतील ५०,००० रुपये या रोगाच्या संशोधनास द्यावेत, असे मनात आहे. त्यामुळे त्यांना दृष्टी परत मिळेल का? एवढ्याशा रकमेचा उपयोग तरी होईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपला हेतू स्तुत्य आहे, परंतु काचबिंदूत दृष्टिनाडीचे जे तंतू एकदा नष्ट होतात ते पूर्ववत करणारा उपाय आज उपलब्ध नसल्यामुळे, आणि संशोधनाचे फळ हाती येण्यास वर्षानुवर्षे लागत असल्यामुळे, देणगीचा संबंध वडिलांच्या दृष्टिलाभाशी जोडू नये. त्यांची उरलेली दृष्टी राखण्यास डॉक्टरांनी दिलेले थेंब न चुकता घालणे व नियमित तपासणी करणे अत्यावश्यक आहे.

रकमेविषयीचा संकोच मात्र सोडावा. मोठी अनुदाने बहुधा प्राथमिक पुरावा असलेल्या कल्पनेसच मंजूर होतात, आणि तो पुरावा गोळा करण्याचा खर्च पुष्कळदा धर्मादाय निधीतूनच भागतो. मदुराईचे अरविंद, हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय या संस्था रुग्णसेवेबरोबर संशोधनही करतात. रक्कम 'काचबिंदू-संशोधनासाठीच' असल्याचे लेखी कळवून पावतीवर तसा उल्लेख मागावा, आणि संस्थेच्या नोंदणीची खातरजमा करावी. आयकरातील सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते. २,००० रुपयांवरील रोख देणगीस ती लागू नाही, म्हणून धनादेशच द्यावा. म्हातारपणच्या औषधोपचाराची तजवीज मोडून मात्र दान करू नये.

काचबिंदू रक्ताच्या नात्यात आढळतो. तेव्हा देणगीपूर्वी आपण व आपल्या भावंडांनी डोळे अवश्य तपासून घ्यावेत.