पुस्तक आवडलं नाही? मग कारण सांगा!

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, पुस्तक परीक्षण म्हटलं की मुलं "पुस्तक छान आहे, सर्वांनी वाचावे" एवढंच लिहितात. पण न आवडलेलं पुस्तकही चांगला पाठ देतं.

उदाहरण पाहू. ॲन रॅडक्लिफ यांची 'द मिस्ट्रीज ऑफ उडॉल्फो' ही इंग्रजी कादंबरी १७९४ मध्ये चार खंडांत आली. कथेचा काळ १५८४. अनाथ एमिली, तिचं प्रेम आणि इटलीच्या डोंगरातला मोंटोनीचा किल्ला. तिथे एमिली एक काळा पडदा उचलते आणि बेशुद्ध पडते. पडद्यामागे काय होतं, ते लेखिका शेवटच्या खंडापर्यंत सांगत नाही. शेवटी कळतं, तो मेणाचा पुतळा! माझा तर हिरमोडच झाला. शिवाय पात्रं वागतात-बोलतात ती लेखिकेच्या काळातल्यासारखी. निसर्गवर्णनं मात्र सुंदर आहेत. तेही लिहायलाच हवं.

वर्गात मुलांना तीन प्रश्न द्या:
१. पुस्तकाने कोणतं कुतूहल जागवलं?
२. ते पूर्ण केलं का?
३. तरीही काय आवडलं?

मूल "कंटाळा आला" म्हणालं तर रागावू नका. "कुठल्या पानापासून?" असं विचारा. तिथूनच ते स्वतःचं मत मांडायला शिकतं.