न मावणारी यादी आणि पडद्यावरील सरकपट्टी

संगणकाचा पडदा कितीही मोठा असला, तरी गावाची नोंदवही त्यात मावत नाही. बारामती तालुक्यातील कन्हेरी गावाचेच उदाहरण घेऊ. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवही, पडद्यावर पाहता यावी म्हणून एक लहानसा प्रोग्राम लिहावयास घेतला अशी कल्पना करा. हिशेबाच्या सोयीसाठी नोंदी ४०० आणि खिडकीत एका वेळी दिसणाऱ्या ओळी २० धरू. उरलेल्या ३८० ओळी संगणकाच्या स्मृतीत शाबूत असतात. परंतु त्या आहेत हेच पाहणाऱ्याला उमगले नाही, तर एकविसाव्या ओळीतील घरमालकाला ‘तुमचे नाव यादीत नाही’ असे उत्तर ऐकून परतावे लागेल.

आपल्या जुन्या दप्तरांत लांब मजकुरासाठी कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून त्यांची गुंडाळी करीत. हातातील गुंडाळीच्या जाडीवरून किती वाचावयाचे राहिले याचा अंदाज येई आणि मजकूर संपल्याची खूण मोर्तबाची मुद्रा देई. पडद्यावरील सरकपट्टीने, म्हणजेच स्क्रोलबारने, ही दोन्ही कामे करावयाची असतात.

पायथन भाषेसोबत मिळणाऱ्या टीकेइंटर या साधनसंचात हे कसे साधते ते पाहू. येथे नवशिक्याची पहिली फसगत अशी होते, की ‘फ्रेम’ नावाची चौकट स्वतः सरकू शकत नाही. सरकण्याचा गुण ‘कॅनव्हास’, ‘टेक्स्ट’, ‘लिस्टबॉक्स’ अशा मोजक्या घटकांनाच आहे. म्हणून कॅनव्हास मांडून फ्रेम त्याच्या आत ‘क्रिएट विंडो’ या आज्ञेने बसवावी लागते. नेहमीच्या ‘पॅक’ आज्ञेने ठेवलेली फ्रेम कॅनव्हासबरोबर सरकत नाही.

पुढे कॅनव्हास व सरकपट्टी यांची गाठ दोन्ही बाजूंनी घालावयाची. पट्टी ओढली की ती कॅनव्हासच्या ‘वायव्ह्यू’ला कळविते, कॅनव्हास सरकला की तो ‘वायस्क्रोलकमांड’द्वारे पट्टीला दोन अपूर्णांक पाठवितो. आपल्या यादीच्या आरंभी ते ० व ०.०५ असतील, अखेरीस ०.९५ व १. म्हणून पट्टीवरील सरकता ठोकळा पट्टीच्या विसाव्या हिश्शाएवढा दिसतो. हीच ती गुंडाळीची जाडी! एकच गाठ घातली, तर एक तर पट्टी ओढूनही यादी हलत नाही, किंवा यादी हलली तरी ठोकळा जागचा ढळत नाही.

सर्वांत घातक चूक मात्र ‘स्क्रोलरीजन’ची, म्हणजे सरकण्याच्या हद्दीची होय. ही हद्द एकदाच ठरवून सोडून दिली आणि नंतर नव्या ओळी वाढल्या, तर त्या हद्दीबाहेर पडतात. सरकपट्टी तळाला टेकते आणि यादी संपल्याची खोटी ग्वाही देते. आतील फ्रेमचा आकार बदलला की ‘कॉन्फिगर’ ही घटना घडते. तिच्याशी हद्द पुन्हा मोजण्याचे काम जोडून द्यावे.

नोंदी हजारोंनी असतील तर मात्र ही युक्तीच सोडावी. अनेक संगणकांवर अशा आतील चौकटीची उंची सुमारे ३२ हजार बिंदूंपलीकडे नीट चालत नाही. २५ बिंदूंची एक ओळ धरली, तर तेराशेच्या आसपास ओळींतच ती मर्यादा येते. शिवाय प्रत्येक ओळीसाठी वेगळा घटक निर्माण केल्याने प्रोग्राम मंदावतो. अशा वेळी ‘ट्रीव्ह्यू’ बरा. त्यात वरचे मथळे जागीच राहतात आणि खाली ओळी सरकतात. ‘मागील बाकी’ कोणती व ‘चालू कर’ कोणता याचा घोळ होत नाही.

उंदराच्या चाकाची व्यवस्था टीकेच्या ८.६ आवृत्तीत कॅनव्हाससाठी स्वतः करावी लागते. कळफलकावरील बाणांच्या कळाही जोडाव्यात; कार्यालयात दिवसभर नोंदी करणाऱ्याचा हात बहुधा कळफलकावरच असतो.

प्रोग्राम पूर्ण झाला असे वाटले, की त्यात ४०१वी नोंद घालावी आणि उंदराला हात न लावता तिच्यापर्यंत पोहोचता येते का, हे पाहावे.